पेन्सिल सेल

सेल बदल असं मेघाला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून बदलले, तेही आठवडाभर धीर गोळा करून.

सम्यकच्या पलंगाशेजारी भिंतीवर एक पांढरी डबी होती, साबणाच्या वडीएवढी. खोली किती तापली आहे त्याचा आकडा तिच्यावर दिसायचा. आकडा ठरवून दिलेल्यापेक्षा वर गेला की डबी समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या डब्याला कळवायची. दोघांच्या मधे वायर नव्हती, काही नव्हतं. खिडकीतल्या एसीची वीज त्या डब्यातूनच जायची, त्याला वेगळं बटण नव्हतं; डबा मग एसी सुरू करायचा आणि खोली पुरेशी गार झाली की बंद करायचा. ज्यानं ते बसवलं तो इंद्रजीत त्या डबीला थर्मोस्टॅट म्हणायचा, मेघा नुसती डबी म्हणायची. आता तिच्यावर सेलचं छोटं चित्र लुकलुकत होतं, आणि मे अजून अर्धाही सरला नव्हता.

दुपारी सम्यकला जेवण भरवून झाल्यावर तिनं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून दोन पेन्सिल सेल आणले आणि डबी भिंतीवरून काढली. जुने सेल निघाले तर आतल्या स्प्रिंगवर पांढरी भुकटी साचलेली. तिनं ती लिंबाच्या फोडीनं घासली, ओल्या फडक्यानं पुसली, आणि डबी सुकायला खिडकीत ठेवून भांडी घासायला बसली. भांडी झाल्यावर नवे सेल घातले. आकडा उमटला तेव्हा तिला बरं वाटलं. एक काम आपल्या हातानं झालं.

डबी जागेवर अडकवून ती एसीची वाट बघत उभी राहिली. एसी सुरू व्हायच्या आधी समोरच्या डब्यातून टक् असा आवाज यायचा. तो आला नाही. खोली गार असेल म्हणून थांबला असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण खोली गार नव्हती. भावसिंगपुऱ्यातलं त्यांचं घर वरच्या मजल्यावर, आणि डोक्यावर उघडा स्लॅब. सकाळी दहापासून तो तापायला लागे.

"मेघा," सम्यक पलंगावरून म्हणाला, "एसी लावला नाय का?"



दुसऱ्या कुणाच्या घरी एसी बंद पडला असता तर लोकांनी पंखा वाढवला असता आणि मेकॅनिकला फोन केला असता. या घरात तसं नव्हतं. सम्यक एका ठेकेदाराकडं वायरमन होता, विजेच्या खांबांवर काम करायचा. मुलगी तनुजा लहान असताना, पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीत तो एका खांबावर चढला. खाली त्याचा सोबती इंद्रजीत उभा होता. लाईन बंद आहे ना, असं सम्यकनं चढण्याआधी विचारलं होतं, आणि इंद्रजीतनं बंद आहे म्हणून सांगितलं होतं. ती बंदच होती. पण जवळच्या एका मंगल कार्यालयाचा जनरेटर कुणीतरी चुकीचा जोडला होता, आणि त्याची वीज उलटी तारेत शिरली. सम्यक खाली आला तो मानेवर. जीव वाचला. खांद्याखालचं अंग मात्र गेलं ते गेलंच.

माणसाचं अंग घामानं गार होतं, हे मेघाला डॉक्टरांनी समजावून सांगेपर्यंत कधी लक्षात घ्यावं लागलं नव्हतं. सम्यकला आता फक्त कपाळाला आणि मानेला घाम यायचा. बाकीचं शरीर कोरडं राहायचं आणि भोवतीची हवा जशी तसं तापत जायचं. अपघातानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्याला ताप चढला. घरातल्यांनी तापाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काहीच झालं नाही, कारण तो आजाराचा ताप नव्हताच. त्याचे डोळे फिरले, त्याला झटके आले आणि कितीतरी दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. डॉक्टर म्हणाले होते, खोली गार ठेवा. फार गारही नको, कारण थंडीही त्याच्या अंगाला आवरता येत नाही. म्हणून इंद्रजीतनं ती डबी आणली. तो तोवर खांबांचं काम सोडून एसीच्या दुरुस्तीत शिरला होता. सिडकोतल्या एका फ्लॅटमधून निघालेलं हे सामान त्यानं स्वतः बसवलं आणि मजुरीचं नाव काढू दिलं नाही.

मेघा ब्लाउज शिवते. शिलाई मशीन पायाचं आहे, मोटर बसवून देतो असं कितीजणांनी म्हटलं तरी तिनं बसवू दिली नाही. त्या अपघातानंतर ती दिव्याचं बटणही बोटाला पदर गुंडाळून दाबते. लोक हसतात.

तर ती डबीपाशी गेली आणि सेल काढून पुन्हा घातले. उलटसुलट झालेत का ते बघितलं. बरोबर होते. सम्यकनं तिला समोरच्या डब्यावरचा दिवा बघायला सांगितलं. एरवी तो हिरवा असायचा. आता लाल होता आणि लुकलुकत होता.

सम्यकच्या आवाजात अजून घाई नव्हती. डबी किती वेळ बिनसेलाची होती, असं त्यानं विचारलं. भांडी होईपर्यंत, ती म्हणाली. मग दोघांची जोडणी पुसली गेली असेल, तो म्हणाला. डबी बोलतेय पण डबा तिला ओळखत नाही. आणि ओळखीच्या डबीचं काही कानावर आलं नाही की डबा एसी बंदच ठेवतो, अशीच त्याची रचना असते. घाबरू नको, इंद्याला फोन लाव.

तिनं इंद्रजीतला फोन लावला. फोन लागला नाही. पुन्हा लावला. वैजापूरला एका कांदा व्यापाऱ्याकडं काम आहे असं तो आदल्या दिवशी बोलून गेला होता, ते तिला आठवलं. ती लावतच राहिली. पलीकडून तीच बाई तेच सांगत होती, की ही व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

डबीवरचा आकडा तेवढ्यात चौतीसवर गेला होता.

तिनं माठातलं पाणी काढून टॉवेल भिजवला आणि सम्यकच्या छातीवर टाकला. पंखा जोरात केला. पंख्यातून येणारी हवा भट्टीवरून आल्यासारखी होती. सम्यक म्हणाला की डब्याच्या झाकणाच्या आत एक बटण असतं, ते दाबून धरलं की जोडणी परत होते. झाकण काढावं लागेल. आधी मेन पाड.

मेन पाडायचा म्हणजे पंखाही बंद. तिनं पदर गुंडाळून खटका खाली ओढला आणि खोली एकदम मुकी झाली. पाटावर चढून तिनं कात्रीच्या टोकानं डब्याचे स्क्रू फिरवायला घेतले. हात ओले होते. ते तिनं पुसले, पुन्हा ओले झाले. दोन्ही स्क्रू निघाले आणि झाकण तिच्या हातात आलं. आत लाल, काळ्या, हिरव्या तारा एकमेकींत शिरलेल्या. बटण कुठं दिसेना. मोबाईलचा उजेड पाडून बघितलं तरी दिसेना.

"नाय दिसत हो," ती म्हणाली. "कुठं म्हणता?"

सम्यकनं डोळे मिटून उघडले. मग म्हणाला, "ते राहू दे. दोन जाड तारा हायेत ना, त्या सरळ एकमेकीला जोड. डबा मधनं काढून टाक. एसी चालू होतो."

ती पाटावर तशीच उभी राहिली. आत जाड तारा दोन नव्हत्या, चार होत्या. कोणत्या दोन, हे तिनं विचारलं. त्यानं काळ्या म्हटलं. काळी एकच होती. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा तो चिडला. सम्यक तिच्यावर चिडत नसे. तिनं वळून बघितलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता, आणि तो तिच्याकडं बघत नव्हता, वर स्लॅबकडं बघत होता.

"इंद्या," तो म्हणाला, "लाईन बंद आहे ना? चढू का?"

खोलीत इंद्रजीत नव्हता. त्या दिवसाबद्दल सम्यक इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता, तिच्याशीही नाही.

पुढं काय करायचं ते तिला एकदम दिसलं असं नाही. ती पाटावरून उतरताना पडता पडता राहिली. या माणसाच्या सांगण्यावरून आता तारेला हात लावायचा नाही, एवढंच तिला कळलं. झाकण पाटावर ठेवून तिनं मेन वर केला. पंखा फिरायला लागला, आणि उघड्या डब्यात आता वीज आहे हे तिच्या अंगावर काट्यासारखं आलं. डब्याकडं पाठ करून तिनं दार उघडलं आणि शेजारच्या भामाबाईंना हाक मारली.

भामाबाई सत्तरीच्या. दुपारच्या झोपेतून तशाच आल्या. सम्यकला बघून त्यांनी त्याच्या गळ्याला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "मेघा, आधी गाडीला फोन कर." मेघानं रुग्णवाहिकेला फोन केला. पत्ता सांगताना तिला स्वतःच्या गल्लीचं नाव आठवेना. भामाबाईंनी फोन हातातून घेऊन सांगितला. गाडी घाटीच्या सरकारी दवाखान्यातून निघत होती, येतो म्हणाले.

नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं म्हणून घरात ड्रम भरलेले असत. दोघींनी चादर ड्रममधे बुचकळली आणि त्याच्या अंगभर पसरली. काखेत, मानेखाली, मांड्यांच्या सांध्यात ओले टॉवेल दिले. भामाबाईंनी त्यांच्या फ्रिजमधून बर्फाचा ट्रे आणला, पण मेघानं बर्फ नुसता अंगावर ठेवू दिला नाही. ज्या कातडीला कळत नाही तिथं बर्फानं जखम होते, हे तिला माहीत होतं. तो बर्फ तिनं बादलीत टाकला आणि टॉवेल त्यात बुडवत राहिली. थर्मामीटरनं एकशे तीनच्या वर दाखवलं. सम्यक अधूनमधून पुटपुटत होता. दोरी, शिडी, कुणाला तरी बाजूला हो म्हणत होता. मेघा प्रत्येक वेळी "व्हय, व्हय, बंद हाय" म्हणायची. दुसरं काय म्हणावं हे तिला कळत नव्हतं, आणि हे म्हटलं की तो थोडा शांत व्हायचा.

चादर अंगावर असतानाच वाळत होती. मागच्या वेळचे झटके तिच्या डोळ्यांसमोर होते. तेव्हा त्याचे दात घट्ट मिटले होते आणि जिभेतून रक्त आलं होतं. ती दर वेळी टॉवेल बदलताना आधी त्याच्या जबड्याकडं बघायची.

फोन वाजला तेव्हा तिला वाटलं रुग्णवाहिकावाले. इंद्रजीत होता. इतके फोन बघून त्याचा आवाजच बदलला होता. तिनं घाईघाईत सगळं सांगितलं. सम्यक काय बोलला ते सांगितलं नाही.

"त्याला फोन दे," इंद्रजीत म्हणाला. "मी सांगतो त्याला, तो तुला सांगंल."

"झोपलेत ते," मेघा म्हणाली. "मला सांगा, भाऊजी."

मग त्यानं विचारलं, झाकण उघडं आहे का. आहे म्हटल्यावर त्यानं तिला पहिल्यांदा मेन पाडून झाकण परत लावायला सांगितलं. बटण आत नव्हतंच. सम्यकच्या डोक्यात दुसराच कुठला डबा असावा. ते बाहेर होतं, खालच्या कडेला, रबराच्या बुचाखाली. झाकण लाव, मेन चढव, बुच काढ, आणि लाल-हिरवे दोन्ही दिवे एकदम लुकलुकेपर्यंत बटण दाबून धर. मग डबीवरचं मधलं बटण आणि अधिकच्या चिन्हाचं बटण दोन्ही एकत्र दाब.

तिनं केलं. झाकणाचा एक स्क्रू खाली पडला, तो शोधला नाही. मेन चढवला. रबराचं बुच नखानं निघालं. आतलं बटण दाबताना तिनं डोळे मिटले होते, कारण अंगठ्याखाली कुठंतरी वीज होती आणि पदर गुंडाळला तर बटण सापडत नव्हतं. दोन्ही दिवे लुकलुकायला लागले ते भामाबाईंनी सांगितलं. मग ती धावत डबीपाशी गेली, दोन्ही बटणं दाबली. डबीवर जोडणीचं चिन्ह आलं, आकडा फिकट झाला आणि पडदा पुसला गेला. क्षणभरानं आकडा परत आला. समोर पुन्हा लालच.

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. आता तिला रडू येत होतं.

"आकडा फिका पडतो म्हणतेस?" इंद्रजीतचा आवाज तुटत होता. "सेल कोणते घातले? लाल, घड्याळाचे? ते नुसता आकडा दाखवतील, निरोप धाडायला त्यांच्यात दम नसतो. चांगले अल्कलाईन..." आणि फोन कटला. परत लागला नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरे सेल नव्हते, हे तिनं आणताना विचारलं होतं. क्रांती चौकापर्यंत जाणं म्हणजे सम्यकला सोडून जाणं. टीव्हीच्या रिमोटमधे बारीक सेल होते, ते बसणार नव्हते. भिंतीवरच्या घड्याळातही लालच.

"माझ्या बीपीच्या मशीनमधे हायेत," भामाबाई म्हणाल्या. "पोरगं पुण्याहून आणून घालतं. महाग असतेत म्हणतं."

त्या गेल्या, आणि त्यांना जिना नव्हता, फक्त समोरचं दार होतं, तरी मेघाला वाटलं त्या परत येतच नाहीत. सम्यकनं बोलणं थांबवलं होतं. ते पुटपुटण्यापेक्षा वाईट होतं. जे नाव ती कधी घ्यायची नाही, ते घेऊन तिनं त्याला हाक मारली. त्याच्या पापण्या हलल्या.

भामाबाई मशीनच घेऊन आल्या, सेल काढायचं झाकण त्यांना निघेना. मेघानं ते काढलं. सेल डबीत घातले. डब्याचं बटण, दोन दिवे, मग डबी. चिन्ह आलं. आकडा या वेळी फिका पडला नाही. समोरचा लाल दिवा विझला आणि हिरवा लागला, स्थिर.

आणि एसी सुरू झाला नाही.

ती हिरव्या दिव्याकडं बघत राहिली. डब्यातून टक् असं झालंच नाही. झाकण काढताना आतल्या तारा हलल्या असतील, आपणच काहीतरी तोडलं, असं तिच्या मनात पक्कं झालं. बंद करून ठेवलेला एसी पुन्हा लावताना डबा मुद्दाम काही मिनिटं थांबतो, मशीन जळू नये म्हणून, हे इंद्रजीतनं सांगितलं नव्हतं किंवा सांगायच्या आत फोन गेला होता. ती मिनिटं तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती असं ती अजून म्हणते. ती पलंगाच्या काठावर बसली आणि टॉवेल पिळत राहिली. काय मागायचं आणि कुणाकडं, हेही सुचलं नाही. नुसता तोंडातल्या तोंडात पंचशीलाचा एक एक शब्द येत होता आणि मधेच तुटत होता.

टक् झालं. खिडकी थरथरली आणि एसी घरघरला.

रुग्णवाहिका आली तेव्हा खोलीत गारवा शिरायला लागला होता. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताप मोजला, सलाईन लावली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली. या उन्हात हलवण्यापेक्षा इथंच बरं, पण मी थांबते, ताप उतरेपर्यंत जात नाही, असं म्हणाल्या. एकशे एकवर आल्यावर सम्यकनं पाणी मागितलं. शंभरच्या खाली गेल्यावर त्यानं विचारलं की घरात एवढी गर्दी कशाची. डॉक्टरीणबाई हसल्या. मेघा हसली नाही. ती मोरीत गेली, दार लावलं आणि बादलीच्या कडेला धरून उभी राहिली.

संध्याकाळी लासूर स्टेशनहून तनुजाचा फोन आला. ती सुट्टीत मावशीकडं गेली होती. मेघानं तिला जेवण काय केलं ते विचारलं, बाबा बरे आहेत म्हणाली आणि फोन सम्यकच्या कानाला लावला.

अंधार पडायच्या आत इंद्रजीत मोटरसायकलवर आला. वैजापूरहून सरळ, डोक्याला रुमाल बांधलेला, डोळे धुळीनं लाल. आधी त्यानं सम्यकच्या कपाळावर हात ठेवला, आणि मग बराच वेळ त्याच्याकडं न बघता डबाच तपासत बसला. सोबत त्यानं चांगल्या सेलची दोन पाकिटं आणली होती, आणि एक साधं बटणही; डबी बंद पडली तरी एसी सरळ लावता यावा म्हणून ते त्यानं भिंतीवर ठोकून दिलं. मेघाला कसं वापरायचं ते दाखवलं. तिनं ते त्याच्यासमोर दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा बोटाला पदर गुंडाळून.

तो हात धुवायला गेला तेव्हा सम्यकनं तिला जवळ बोलावलं.

"मी काय बोललो का गं दुपारी? भामाबाई म्हणत होत्या, बडबडत होतो."

मेघानं त्याच्या मानेखालची उशी सारखी केली.

"पाणी मागत होतात," ती म्हणाली. "बाकी काय नाय."

तो तिच्याकडं बघत राहिला. त्याला पटलं की नाही ते तिला कळलं नाही. मोरीतला पाण्याचा आवाज थांबला, इंद्रजीत रुमालाला हात पुसत आला आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत बसला. दोघं कुठल्याशा जुन्या मुकादमाबद्दल बोलायला लागले. मेघा चहा ठेवायला उठली. भामाबाईंना त्यांचे सेल परत द्यायचे होते, पण ते डबीतून काढायला तिचं मन धजेना, म्हणून तिनं नव्या पाकिटातले दोन काढून घेतले आणि चहाच्या कपाबरोबर समोरच्या दारी नेऊन दिले.